शुल्क वयावर नको, अवस्थेवर हवे

२० वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५ हजारांवरून १० हजार रुपये करण्याचा केंद्राचा ऑगस्ट २०२५ मधील निर्णय निगुतीने गाडी सांभाळणाऱ्यांवर अन्याय करणारा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे वडिलांच्या काळापासून आहे. या गाडीचे उत्पादन थांबूनच दोन दशके उलटली. म्हणजे आज धावणारी प्रत्येक पद्मिनी या वाढीच्या कचाट्यात सापडते. जुन्या गाड्यांसाठी असलेली वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांनंतरच मिळते आणि त्यानंतर ती गाडी रोज वापरता येत नाही. कार्बोरेटरचे जेट साफ करणे, दारांखालचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे, सुटे भाग जुन्या बाजारात धुंडाळणे हे सारे मालक पदरमोड करून, आनंदाने करतात. वडिलांचा हात फिरलेले स्टीअरिंग भंगारात घालवत नाही! नूतनीकरणावेळी गाडीची तपासणी होतेच. त्यात ब्रेक, धूर आणि सांगाडा चोख ठरलेल्या खासगी गाडीला सरकारने पूर्वीचेच शुल्क लावावे.

– एक वाचक, ठाणे