धारवाड खालच्या टोकाला, सांगली वरच्या टोकाला

आदरणीय मेस्त्रीमामांना,
सप्रेम नमस्कार.

तुमची रेडिओ दुरुस्तीची वही आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतली. त्याबद्दल मनापासून आभार. हे आभार दुकानात येऊनही मानता आले असते. पण बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर मर्फी, बुश, फिलिप्स कापडात गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यातले बरेच एखाद्या किरकोळ कंडेन्सरपायी मुके झालेत. तुम्ही हातचं काही राखून न ठेवता जे शिकवलंत, ते त्या घरांपर्यंतही पोचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आपल्या भागात रेडिओ लावायचा म्हणजे काटा दोन ठिकाणी ठरलेला. मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाजवळ ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड, वरच्या टोकाकडे १२५१ वर सांगली. धारवाड १९५० साली सुरू झालं, सांगली १९६३ साली. वडगाव-शहापूरच्या मागांपाशी, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत, खानापूरकडच्या ओसऱ्यांवर दिवसभर ही दोनच स्टेशनं आलटून पालटून लागायची. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाडवरून, भावगीतं आणि शेतीच्या गोष्टी सांगलीवरून. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व दोन्हीकडून. ज्या घरात मराठी बोलत त्याच घरात कन्नड वचनंही कानावर पडत, आणि त्यात कुणाला वेगळं काही वाटत नसे. बुधवारी रात्री आठला मात्र काटा शॉर्ट वेव्हवर जायचा, सिलोनवरच्या अमीन सायानींच्या गीतमालेसाठी. ती १९५२ साली सुरू झाली, तेव्हा आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळजवळ बाजूलाच ठेवली होती. विविध भारती आली १९५७ च्या ऑक्टोबरात.

मामा, सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीसाठी: सिग्नल जनरेटर (हवी ती फ्रीक्वेन्सी काढून देणारं यंत्र) नसताना रेडिओ जुळवायची तुमची रीत. ज्या मेस्त्रीकडे महागडं यंत्र नाही त्यानं ट्रिमरला, म्हणजे जुळणीच्या छोट्या कंडेन्सरला, हात लावू नये, असं सगळे सांगत. तुम्ही सांगितलंत, आपल्याला देवानं दोन जनरेटर दिलेत, एक धारवाडात आणि एक सांगलीत. दोन्हींची फ्रीक्वेन्सी काटेकोर, आणि दोन्ही डायलच्या बरोबर हव्या त्या जागी.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी ती रीत तुमच्याच क्रमानं लिहितो. आयएफची कॅन, म्हणजे ठरलेल्या एका फ्रीक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या डबीतल्या कॉइल, बहुतेक ४५५ किलोहर्ट्झची असतात, आणि मागच्या कुणी चाळवली नसतील तर त्यांना हात लावायचा नाही. काटा आधी डायलच्या पट्टीशी जुळवायचा. ग्यांग (स्टेशन बदलायचा पाकळ्यांचा कंडेन्सर) पूर्ण मिटला की काटा खालच्या शेवटच्या खुणेवर यायला हवा; नसेल तर दोरीवरची त्याची पकड सैल करून सरकवायचा. मग काटा ७६५ वर ठेवून ऑसिलेटर कॉइलचा गाभा हळूहळू फिरवायचा, धारवाड तिथे येईपर्यंत. जुन्या व्हॉल्वच्या सेटमध्ये हेच काम पॅडर नावाच्या फिरवायच्या कंडेन्सरनं होतं. त्यानंतर काटा १२५१ वर नेऊन ऑसिलेटरचा ट्रिमर फिरवायचा, सांगली तिथे येईपर्यंत. वरचं टोक जुळवलं की खालचं थोडं हलतं, म्हणून परत खाली, परत वर. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जागेवर बसतात. मग एरियलची बाजू घ्यायची. धारवाड लावून फेराइटच्या दांड्यावरची कॉइल पुढेमागे सरकवत आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबवायची, आणि सांगली लावून एरियलचा ट्रिमर तसाच. शेवटी कॉइलवर मेणाचा एक थेंब.

गाभा फिरवायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर का नको, हे तुम्ही दोन कारणांनी समजावलंत. लोखंड जवळ आलं की कॉइलचं इंडक्टन्स बदलतं, म्हणजे हत्यार काढून घेतलं की स्टेशन पुन्हा पळतं. आणि वर्षानुवर्षं अडकलेला गाभा लोखंडी टोकानं फुटतो, मग ते कॅनच फेकायचं. बांबूची काडी घासून तिचं टोक चपटं करायचं. गाभा अडकला असेल तर सोल्डरिंग आयर्न जवळ धरून आतलं मेण नुसतं मऊ करायचं, जोर लावायचा नाही.

वहीतली एक नोंद आता फार कामाची आहे. १९७८ च्या नोव्हेंबरात मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. त्यामुळे ७६५ असो, १२५१ असो, पणजीचं १२८७ किंवा पुण्याचं ७९२, सगळ्यांना नवानं भाग जातो. त्याआधीच्या सेटच्या काचेवर छापलेल्या जागा काही किलोहर्ट्झ इकडेतिकडे दिसल्या तर सेट बिघडला असं समजू नये. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झाले; जवळचं स्टेशन गप्प असेल तर जे चालू आहे त्याची फ्रीक्वेन्सी बघून तीच रीत वापरायची. एक स्टेशन ८०० च्या खाली आणि एक १२०० च्या वर मिळालं की काम होतं.

दांड्याच्या दिशेचं तुमचं गणितही आम्ही पाठ केलंय. ट्रान्झिस्टरच्या पोटातला फेराइटचा दांडा स्टेशनकडे टोक करून ठेवला की आवाज सगळ्यात कमी, त्या दिशेला काटकोनात ठेवला की सगळ्यात जास्त. बेळगावहून सांगली जवळजवळ सरळ उत्तरेला, म्हणून दांडा पूर्व-पश्चिम. धारवाड आग्नेयेला, म्हणून दांडा ईशान्य-नैर्ऋत्य. रात्री पुणे ऐकायचं असेल आणि शेजारचं धारवाड वर चढत असेल तर दांड्याचं टोक थेट धारवाडकडे करायचं. पुणे उत्तरेला, जरासं वायव्येकडे झुकलेलं असल्यानं त्याचाही आवाज थोडा घटतो, पण शब्द कळतात. दिवसा पुणे-मुंबई का लागत नाहीत, याचं उत्तरही तुम्ही साध्या भाषेत दिलंत: उन्हानं आकाशातला खालचा थर विजेचा होतो आणि मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो, आणि लाटा वरच्या थरावर आपटून लांब उतरतात. आवाज मोठा-बारीक होत राहतो तोही त्याचमुळे. सेट त्यासाठी उघडू नये.

आता व्हॉल्वचे सेट. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८० अशी पलटण ज्यात आहे, असा सेट माळ्यावरून काढला की लोक आधी पिन भिंतीत खुपसतात. तिथेच तो मरतो. वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या फिल्टर कंडेन्सरच्या आतला थर गेलेला असतो. एकदम अडीचशे व्होल्ट मिळाले की तो शॉर्ट होतो आणि सोबत रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व) किंवा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. तुमचा सिरीज बल्ब, म्हणजे सेटच्या लाइनमध्येच ओळीनं जोडलेला बल्ब, इथे कामाला येतो. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब, एलईडी नाही. सुरू करताच बल्ब लख्ख पेटून मग मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधायचा. कंडेन्सर बदलायचा झाल्यास ईझेड ८० या रेक्टिफायरच्या पुढे पहिला पन्नास मायक्रोफॅरडपेक्षा मोठा बसवायचा नाही. मोठा बसवला की घरघर कमी होते हे खरं, पण दर वेळी सुरू करताना व्हॉल्वमधून झेपणार नाही एवढा करंट जातो.

आवाज फाटका येतो आणि ईसीएल ८२ हात लावता येणार नाही इतका तापतो, ही तक्रार घेऊन माणसं नवा व्हॉल्व आणतात. नवाही महिन्याभरात तसाच होतो. दोष व्हॉल्वचा नसतो, त्याच्या नऊ नंबरच्या पायाकडून तीन नंबरच्या पायाकडे जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरचा असतो. ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, कागदाचा. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात तो ओल धरतो आणि पलीकडचा हाय व्होल्टेज ग्रिडवर झिरपू देतो. मीटर डीसीवर ठेवून चासी (सेटचा लोखंडी सांगाडा) आणि तीन नंबरचा पाय तपासायचा. शून्य किंवा थोडं उणे हवं. दोन व्होल्ट अधिक जरी दिसले तरी कंडेन्सर बाद. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर लावला की तो सेट वर्षानुवर्षं चालतो. या एका तपासणीनं वाचलेले व्हॉल्व मोजायचे झाले तर तुमच्या नावावर अख्खं कपाट भरेल.

ओलीचे आणखी उपद्व्याप तुम्ही ओळीनं लिहिलेत: स्पीकरचा कागद फुगून कॉइल घासू लागणं, बँड स्विचचे संपर्क काळे पडणं, आयएफ कॅनमधल्या बारीक तारेला हिरवा गंज चढणं. बँड स्विच पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइडनं धूत. ते यकृताला घातक आहे, ते वापरू नका, हे तुम्ही लाल शाईनं लिहून ठेवलंत. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो.

जिवाच्या धोक्याबद्दल तर तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे यू नावाचे व्हॉल्व दिसले की समजायचं, या सेटला मेन ट्रान्सफॉर्मर नाही, चासी थेट लाइनला जोडलेली आहे. बटणाचा स्क्रू उघडा असला तरी झटका बसतो. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडायचा नाही. आणि कुठलाही व्हॉल्वचा सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी पाडून नव्हे, पाच वॅटच्या रेझिस्टरनं तो उतरवायचा, आणि मीटरनं शून्य बघूनच हात घालायचा.

ट्रान्झिस्टरचं थोडक्यात. आवाज फटफटीसारखा येऊ लागला तर आधी सेल बदलून बघायचे. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. नव्या सेलवरही तसंच असेल तर सप्लायवरचा शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकलाय. साध्या सेलचं पाणी गळून पत्र्या खराब झाल्या तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायच्या. अल्कलाइन सेल गळला असेल तर सोडा नाही, व्हिनेगर. आणि एएफ ११७ जातीचे ट्रान्झिस्टर असलेला सेट चालता चालता मुका झाला, टिचकी मारली की बोलला, तर आत कथलाचा केसासारखा तंतू वाढून धातूच्या टोपीला चिकटलेला असतो. चार पायांपैकी कलेक्टर जरा लांब असतो, त्याच्या शेजारचा शील्डचा पाय कापला की बहुतेक वेळा तो पुन्हा चालू लागतो. बाजारात न मिळणारा ट्रान्झिस्टर शोधत फिरण्याआधी हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

आणि आजची खरी वैरीण, एलईडी बल्बची आणि मोबाइल चार्जरची करकर. घरातले चार्जर एकेक काढत बघायचं, कुठला काढला की थांबते. जाळीची एरियल खोलीत ताणण्यापेक्षा गच्चीवर, विजेच्या तारांपासून लांब, आणि अर्थ वेगळी: ओलसर जागी लोखंडी सळई. वळवाचे ढग दिसले की एरियल सेटपासून काढून ठेवायची.

एक काम राहिलंय, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. निपाणीकडचा एक बॅटरीवरचा सेट आलाय, गावात वीज येण्याआधीचा, डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असलेला. त्याची नव्वद व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. नऊ व्होल्टचे दहा सेल एकामागे एक जोडून नव्वद व्होल्ट, आणि व्हॉल्वच्या आतल्या फिलामेंटसाठी दीड व्होल्टचा एक मोठा सेल, असं ठरवलंय. फिलामेंटचा एकूण करंट सव्वाशे मिलिअँपिअर येतो, तो मोठ्या सेलला झेपेल. पण तुम्ही म्हणाला होतात तेच खरं, नव्वद व्होल्टची तार चुकून फिलामेंटच्या बाजूला लागली तर चारही व्हॉल्व एका क्षणात जातील. जुन्या प्लगच्या चार खाचांपैकी दोन झिजल्यात आणि कुठली कशाची ते ओळखू येत नाही. तुमच्याकडे त्या प्लगचा नकाशा असेल तर रविवारी सकाळी येऊन बघतो. चहा आमच्याकडून.

तुमचे,
बेळगाव-खानापूर-निपाणी भागातले जुने रेडिओ सांभाळणारे