टेप कोरी नाही, तुम्ही ती वाचलीच नाही

प्रति,
व्यवस्थापक,
जुन्या टेपवरील डेटा पुनर्प्राप्ती विभाग

विषय : संगणकाची नऊ ट्रॅकची चुंबकीय टेप न वाचताच 'कोरी' म्हणून परत पाठवल्याबद्दल तक्रार

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला मी पाचव्यांदा फोन केला. सहाव्यांदा करणार नाही, म्हणून हे पत्र.

मी तुमच्याकडे अर्ध्या इंची, २४०० फुटी टेप दिली होती. इंचाला १६०० बाइट, आयबीएमची स्टँडर्ड लेबलं (फाइलीच्या आधी आणि नंतर लिहिलेली तिची माहिती), अक्षरं ईबीसीडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेतात. हे सगळं अर्जात लिहून दिलं होतं. अठरा हजार रुपये तुम्ही आगाऊ घेतलेत. सात आठवड्यांनी मला २४० बाइटची एक फाइल आली आणि सोबत एक ओळ : 'टेप कोरी आहे, सुरुवातीला थोडा कचरा आढळला.'

तो कचरा नाही. ८० बाइटचं एक अशी तीन लेबलं आहेत ती, म्हणून २४०. पहिले चार बाइट काढून बघा : ई५, डी६, डी३, एफ१. ईबीसीडिकमध्ये ते 'व्हीओएल१' असं वाचतात, ती रिळाची ओळख. दुसरं लेबल 'एचडीआर१', त्यात फाइलचं नाव आणि तारीख ८१०४७, म्हणजे १९८१चा ४७वा दिवस, १६ फेब्रुवारी. सोमवार होता. ते रीळ ड्राइव्हवर मीच चढवलं होतं. तिसऱ्या लेबलात, 'एचडीआर२'मध्ये, ब्लॉक, म्हणजे एका दमात लिहिलेला तुकडा, ८०० बाइटचा आणि त्यातला एकेक रेकॉर्ड, म्हणजे नोंद, ८० बाइटचा असं स्पष्ट आहे. पुढचा डेटा कोणत्या मापाने वाचायचा ते तुम्ही मला पाठवलेल्या फाइलीतच लिहिलेलं आहे, आणि तुम्ही म्हणता पुढे काही नाही!

टेपला डिस्कसारखी अनुक्रमणिका नसते, हे तुमच्यासारख्या कंपनीला मी सांगायचं का? आधी लेबलं, मग टेप मार्क, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण, मग डेटा, पुन्हा टेप मार्क, मग 'ईओएफ१' आणि 'ईओएफ२' ही शेवटची लेबलं आणि त्यानंतर लागोपाठ दोन टेप मार्क. फाइल म्हणजे दोन खुणांच्या मधला पट्टा. तुमच्या माणसाचा प्रोग्रॅम पहिल्या टेप मार्कवर थांबला आणि त्याने रीळ उतरवलं. दार उघडलं, पाटी वाचली आणि घर रिकामं आहे असं सांगून तो निघून गेला.

आता कालचं बोलणं. हे सगळं मी तुमच्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "काकू, एवढ्या जुन्या टेपमध्ये काही राहत नाही." मी म्हटलं, राहत नाही तर लेबलं कशी राहिली? तीही त्याच टेपवर, त्याच दिवशी लिहिलेली आहेत. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकू, हे जरा टेक्निकल आहे. घरात मुलगा किंवा जावई असेल तर त्यांना फोन द्या, मी त्यांना नीट समजावतो."

मी अकरा वर्षं मशीन रूममध्ये काम केलं. रात्रपाळ्या केल्या. ड्राइव्हच्या व्हॅक्यूम कॉलममध्ये, म्हणजे टेपचा सैल लूप हवेने ओढून धरणाऱ्या खोबणीत, तो लूप नीट बसला नाही तर ते आवाजावरून मला कळायचं. ज्या टेपबद्दल बोलणं चाललं होतं ती लिहिणारा प्रोग्रॅम माझा आहे. आणि मला सांगितलं जातं की मुलाला फोन द्या! एवढा अपमान माझा त्या मशीन रूममध्येही कधी झाला नव्हता.

टेपवर काय आहे तेही ऐका. १९७२च्या दुष्काळानंतर आमच्या विभागाने केलेल्या पाहणीतली ६,००० घरं आहेत. एका घराला एक पंच कार्ड (भोकं पाडून माहिती नोंदवायचं), ८० कॉलमचं, एका कॉलमात एक अक्षर. माणसं किती, जनावरं किती उरली, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत होतं, घरातलं कोण खडी फोडायला जात होतं. कागदी फॉर्म नंतर रद्दीत गेले. कार्डंही गेली. आता जे आहे ते या रिळावरच आहे.

एक कार्ड टेपवर इंचाचा विसावा भाग घेतं आणि दोन ब्लॉकमधली मोकळी जागा असते ०.६ इंच. कार्डामागे एक ब्लॉक केला असता तर बहुतेक टेप मोकळ्या जागेतच गेली असती, म्हणून मी दहा-दहा कार्डांचा एक ब्लॉक केला. असे ६०० ब्लॉक, प्रत्येकी मोकळ्या जागेसकट १.१ इंच. म्हणजे सगळी ६,००० घरं साधारण ५५ फुटांत आहेत. २४०० फुटांतले ५५ फूट तुमच्याने पुढे जाववलं नाही.

आणि रिंग. रिळाच्या पाठच्या खाचेतली प्लास्टिकची रिंग काढली की ड्राइव्ह त्या टेपवर लिहू शकत नाही. मी ती काढून, वर चिठ्ठी चिकटवून टेप दिली होती. परत आली तेव्हा खाचेत पिवळी रिंग बसवलेली होती. का बसवली? विचारलं तर उत्तर मिळालं, "पॅकिंगचं प्लास्टिक असेल." हे मला २४० बाइटपेक्षाही भयंकर वाटतं. एकच प्रत असलेल्या टेपवर लिहिण्याची मुभा तुमच्या माणसाने मशीनला दिली, आणि आपण काय केलं हे त्याला माहीत नाही.

टेप पुन्हा वाचा, पैसे न घेता. टेप मार्क ओलांडून, लागोपाठ दोन येईपर्यंत. अक्षरं बदलू नका, बाइट आहेत तसे द्या, ईबीसीडिकचं मी बघून घेईन. 'ईओएफ१'मध्ये ब्लॉकची संख्या असते, ती ६०० आली पाहिजे. कमी ब्लॉक वाचले गेले तर कुठले राहिले ते लेखी कळवा. टेपला रिंग कोणी आणि का लावली, तिच्यावर काही लिहिलं गेलं का, याचंही लेखी उत्तर हवं. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. ती २४० बाइटची फाइल आणि तुमची 'कोरी आहे' ही ओळ दोन्ही मी जपून ठेवली आहेत. माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं; त्यांना थांबायला सांगितलं आहे.

टेप आता कुरिअरने येणार नाही. मी स्वतः घेऊन येईन, आणि ती चढवताना ड्राइव्हसमोर उभी राहीन.

तक्रारदार ग्राहक