दुर्घटनेत गेलेल्या नौसैनिकांची नावेही कोरली जावीत

महोदय,

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीवर स्फोट झाले आणि तीन अधिकारी व १५ नौसैनिक मृत्युमुखी पडले. गस्तीवर निघण्यासाठी शस्त्रास्त्रे भरून सज्ज असलेली ती पाणबुडी धक्क्यालाच बुडाली आणि आतून काढलेल्या काही मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. दुसऱ्याच दिवशी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी या जवानांचा उल्लेख केला. त्यानंतर २०१९ मध्ये कारवारजवळ ‘विक्रमादित्य’वरील आग विझवताना एक अधिकारी गेला, जानेवारी २०२२ मध्ये ‘रणवीर’च्या आतील कप्प्यात झालेल्या स्फोटात तीन नौसैनिक गेले, तर जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’च्या आगीनंतर आणखी एक गेला. यांपैकी शेवटच्या दोन्ही घटना मुंबईच्याच गोदीतल्या.

अशा जवानाचे पार्थिव तिरंग्यात लपेटून गावी येते, बंदुकीच्या फैरी झडतात, बिगूल वाजतो. हा मान योग्यच आहे, परंतु तो बहुधा अंत्यसंस्काराच्या दिवशीच संपतो. शत्रूच्या कारवाईत आलेला मृत्यू आणि कर्तव्यावर असताना अपघातात आलेला मृत्यू यांची सैन्यदलांत वेगवेगळी नोंद होते. निवृत्तिवेतनाच्या नियमांतही पहिल्या प्रकारात कुटुंबाला अखेरच्या वेतनाइतके, तर दुसऱ्या प्रकारात त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पैशांतील या फरकावर मतभेद असू शकतात. स्मरणातही हाच फरक करणे मात्र मला मुळीच पटत नाही.

युद्धनौकेवर शांततेचा काळ असा वेगळा नसतोच. तोच दारूगोळा, तेच इंधन, तीच बंद दारांची अरुंद जागा रोज असते आणि आग लागली तर पळून जायला जमीन नसते; ज्यांचा जीव धोक्यात असतो, त्यांनाच पाइप हातात धरून धुरात शिरावे लागते. समोर शत्रू नव्हता, एवढ्यावरून त्यांच्या मृत्यूचे मोल कमी ठरवता येत नाही.

सर्वांचाच गौरव केला तर शौर्यपदकांची किंमत उतरेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त नाही. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही शांतताकाळातील पदके विशिष्ट पराक्रमासाठी आहेत व ती तशीच राहावीत. माझी मागणी कोरलेल्या नावांची आहे, आणि नेमून दिलेल्या जागी काम करताना मरण आले, एवढा आधार त्यासाठी पुरेसा आहे. दुर्घटनेमागे हलगर्जीपणा असेल तर त्याची कठोर चौकशी व्हावी आणि तिचा निष्कर्ष कुटुंबीयांना कळावा. मानवंदना देऊन त्यावर पडदा टाकला जाऊ नये. ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर २६ फेब्रुवारी २०१४ रोजी दोन अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला होता. उत्तरदायित्व आणि आदर एकमेकांच्या आड येत नाहीत.

१९७१ च्या युद्धात १७६ नौसैनिक आणि १८ अधिकाऱ्यांसह बुडालेल्या ‘खुकरी’चे स्मारक दीवच्या किनाऱ्यावर आहे, तेथे कोणीही जाऊन डोके टेकवू शकतो. मुंबईतही गोदीच्या कुंपणाबाहेर, सर्वांना जाता येईल अशा जागी स्वातंत्र्यानंतर जहाजांवरील दुर्घटनांत गेलेल्यांची नावे दगडावर कोरली जावीत आणि दर ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्यांच्या कुटुंबीयांना सन्मानाने तेथे बोलवावे. जहाज दुरुस्त करताना प्राण गमावलेल्या गोदी कामगारांनाही त्या यादीत स्थान हवे. नावे हुद्द्यानुसार न लावता जहाज आणि तारीख यांच्या क्रमाने लावावीत, अशी संरक्षण मंत्रालयास आणि नौदलास आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक