स्ट्रट बारने ग्रिप वाढत नाही, एवढं तरी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत गाडी मॉडिफाय करण्यावर जो लेख आला त्यात स्ट्रट बारबद्दल (बॉनेटखाली दोन शॉकअपच्या वरच्या टोकांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा) जेमतेम दोन ओळी होत्या, बार लावला की गाडी वळणावर रस्त्याला चिकटते आणि काम अर्ध्या तासाचं आहे. लेख बाकी चांगला होता, पण या दोन ओळी वाचून कितीतरी पोरं सरळ बार बसवायला जातील म्हणून लिहितोय. मला स्वतःला चेसिस ब्रेसिंग (असे दांडे, म्हणजे ब्रेस, लावून गाडीची बॉडी ताठ करणं) हा विषय मनापासून आवडतो, त्याला माझा विरोध अजिबात नाहीये, पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही हे सांगायला हवं होतं.

ग्रिप टायर देतो. बार देत नाही. बारचं काम एवढंच की सस्पेन्शन जिथे जिथे बॉडीला बोल्ट केलंय ती जागा जोर आल्यावर हलू द्यायची नाही, म्हणजे कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय) जे अलाइनमेंटला सेट केलेत ते भर वळणातही तसेच राहतील. आजच्या बहुतेक कारना खाली वेगळी चेसिस नसते, पत्रे वेल्ड करून बनवलेली बॉडीच सगळा भार घेते, १९२२ साली लान्सिया लॅम्ब्डा आली तेव्हापासून ही पद्धत आहे आणि आता तीच सगळीकडे रूढ झालीये. ही बॉडी आपल्याला ताठ वाटते पण वळणात तिला पीळ बसतोच, थोडा का होईना. आणि हा पीळ म्हणजे एक जादाची स्प्रिंगच, फक्त तिला शॉकअप नाही. महागडे शॉकअप टाकूनही गाडी वळणात शिरताना आधी थोडी सैल वाटते आणि मग सावरते, असं जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर सांगतात त्याचं एक कारण हे असू शकतं.

आता बार कुठे उपयोगी पडतो ते गाडीच्या सस्पेन्शनवर अवलंबून आहे आणि लेखात नेमकं हेच राहून गेलं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरचा आर्म नसलेलं सस्पेन्शन, असेल तर चाकाला वरून धरून ठेवायचं काम शॉकअपच्या वरच्या टोकालाच करावं लागतं, त्यामुळे टॉवर, म्हणजे ते टोक जिथे बोल्ट केलंय तो बॉडीचा उंचवटा, आत-बाहेर ढकलला जातो आणि दोन टॉवर एकमेकांना बांधले तर फायदा मिळू शकतो. डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) असेल तर आडवा जोर वरचा आर्म घेतो, शॉकअपच्या डोक्यावर मुख्यतः उभा भार येतो, तिथे तोच बार लावून फारसं काही हाती लागत नाही. छत कापलेल्या कन्व्हर्टिबल गाड्यांची गोष्ट वेगळी, छत गेल्यावर बॉडीचा ताठपणा खूप कमी होतो म्हणून कंपन्या स्वतःच त्यांना खालून तिरपे ब्रेस देतात. मागे मोठं दार असलेल्या जुन्या हॅचबॅकलाही मागचा ब्रेस जाणवतो, डिकीतली जागा मात्र जाते.

आणि बार कसा आहे हे तर सगळ्यात महत्त्वाचं. बाजारात जे चकचकीत अॅल्युमिनियमचे बार दिसतात त्यातल्या कितीतरींना दोन्ही टोकांना बिजागरीसारखा एकेक बोल्ट असतो. असा बार दोन टॉवरमधलं अंतर थोडंफार धरून ठेवतो हे खरं, पण टॉवर तिरका व्हायला लागला तर बोल्टवर नुसता फिरतो. त्यात इंजिन चुकवायला मधे बाक दिलेला असेल तर जोर आला की तो बाकाशीच वाकतो, सरळ नळीचं काम त्याच्याकडून होत नाही. शिवाय अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणजे तेवढ्याच जाडीची नळी घेऊन भागत नाही, व्यास वाढवावा लागतो. सुतार चौकट उभी करताना कर्णावर एक पट्टी ठोकतो ना, त्याशिवाय चौकट तिरकी होतेच, तसंच इथेही, नुसत्या आडव्या दांड्यापेक्षा टॉवरपासून मागे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) त्रिकोण करणारा ब्रेस कितीतरी चांगला. २०१४ च्या बीएमडब्ल्यू एम३ ला कंपनीनेच कार्बन फायबरचा यू आकाराचा एकसंध ब्रेस दिला होता, वजन फक्त दीड किलो. वजन बघू नका, आकार बघा.

घेण्याआधी मोजून बघता येतं आणि ही गोष्ट कुणी सांगतच नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन बारीक नळ्या घ्यायच्या, एकेक टोक एकेका टॉवरला पक्कं करायचं आणि आतल्या नळीवर एक घट्ट रबरी रिंग बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकवून ठेवायची. बॉनेट बंद करून मोकळ्या, सुरक्षित जागेत गाडी वळवून आणायची. टॉवर जवळ आले असतील तर रिंग सरकलेली दिसते, परत मागे येत नाही म्हणून जास्तीत जास्त किती सरकले तेच कळतं. रिंग केसभरही हलली नाही तर त्या गाडीत निदान टॉवर जवळ येण्याचा प्रश्न नाहीये आणि तिथे बार लावून तुम्ही तो सोडवू शकत नाही. दुसरी सोपी खूण म्हणजे जॅकने एक कोपरा उचलताना दाराच्या फटीकडे बघत राहायचं, फट वर आणि खाली वेगवेगळी व्हायला लागली किंवा दार लागेना तर बॉडी पिळतेय, मग आधी खालचे जोड आणि गंज तपासा. गंजलेल्या टॉवरवर बार बसवणं म्हणजे सडलेल्या पत्र्यावर आणखी ओझं.

बसवताना गाडी जॅकवर नको, चारही चाकं सपाट जमिनीवर, नाहीतर बॉडी वाकलेल्या अवस्थेतच बांधली जाते. वरचे नट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या आकड्याला. नंतर अलाइनमेंट तपासून घ्या.

धोक्याचंही लिहायला हवं होतं हो. बार बॉनेटच्या पत्र्याला अगदी चिकटून गेला तर पादचाऱ्याचं डोकं आपटल्यावर पत्रा दबायला जी मोकळी जागा ठेवलेली असते ती संपते. एका बाजूने जोरात धडक बसली तर धक्का बारमधून दुसऱ्या टॉवरपर्यंत जाऊ शकतो. खालच्या ब्रेसने ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो आणि तो ब्रेस खड्ड्यात आपटला तर ज्या पॉइंटला बोल्ट आहे तोच पॉइंट वाकतो.

आणि या सगळ्याच्या आधी टायर, हवा, बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर), शॉकअप, अलाइनमेंट. झिजलेला कंट्रोल आर्मचा बुश मिलिमीटरच्या हिशोबात हलतो, त्याच्यापुढे टॉवरची हालचाल काहीच नाही, पण बुश बॉनेट उघडल्यावर दिसत नाही म्हणून त्याच्यावर कुणी खर्च करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा बार तपासायला आपल्याकडे आला तर चालवणाऱ्याला न सांगता दुसऱ्या कुणीतरी तो कधी लावावा कधी काढावा, टायर तेच, हवा तीच, वळण तेच, आणि चालवणारा दर वेळी काय म्हणाला ते जसंच्या तसं छापा. फरक कळला नाही तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक