मंत्रिमहोदय, आमच्या टाळ्या परत करा

माननीय मंत्रिमहोदय,
पर्वरी, गोवा.

सप्रेम नमस्कार.

आपण मला ओळखणार नाही. दीड वर्षापूर्वी पेडणे तालुक्यातल्या एका मेळाव्यात आपण व्यासपीठावर होता आणि मी तिसऱ्या रांगेत. ‘कॅन्सरच्या पेशंटला सलाईनसाठी पणजीपर्यंत धावावे लागणार नाही, वर्षभरात जवळच सोय करतो,’ असे आपण म्हणालात आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारी आई होती, ठणठणीत. तिनेही वाजवल्या.

परवा मंगळवारी आईची पाचवी केमो होती. पहाटे साडेपाचला भाड्याची गाडी केली, कारण उलटीची पिशवी हातात घेऊन बसमध्ये उभे राहणे तिला जमत नाही. नऊला रक्त दिले. साडेबाराला निरोप आला की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८०० वर आल्यात, दीड हजार तरी हव्यात, आठवड्याने या. डॉक्टरांचे चुकले नाही. तशात औषध चढवले असते तर आई हातची गेली असती. पण हेच रक्त आदल्या दिवशी पेडण्यात तपासून फोनवर सांगता आले नसते? रक्तपेशी मोजायची सीबीसी तपासणी तर डेंगीच्या दिवसांत जिथे तिथे करतात. नियम म्हणे असा आहे की बाहेरचा रिपोर्ट चालत नाही. गाडीचे २,८०० रुपये मात्र बाहेरचे चालतात! दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार आईला मिळतात, त्याबद्दल सरकारचे आभार. ते एका फेरीत रस्त्यावर गेले, वरचे आठशे आम्ही घातले.

अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. दोन घासांत पोट भरायचे, पोट फुगायचे, लघवीला सारखे जावे लागायचे. चार महिने गॅसच्या गोळ्या चालल्या. मधल्या काळात गावात आरोग्य शिबिर झाले. बीपी बघितले, साखर बघितली, बॅनरखाली फोटो काढले. आईने पोटाचे सांगितले तर ‘वयानुसार होतं’. पुढे पोटातून चार लिटर पाणी काढले तेव्हा ते वय नव्हते हे कळले. गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअर तपासणीत हा कॅन्सर सहसा सापडत नाही आणि याची खात्रीची चाळणी तपासणी अजून कुठेच नाही, हे मला आता ठाऊक आहे. म्हणून तर पोटाचे सांगणाऱ्या बाईचे कोणीतरी ऐकायला हवे होते.

आणि ती रात्र. केमोनंतर १००.४ च्या वर ताप गेला तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवे, हे कागदावर छापून दिले होते, खाली फोन नंबर. तिसऱ्या केमोनंतर रात्री दीडला ताप १०२. नंबर वाजत राहिला. जवळच्या सरकारी दवाखान्यात पॅरासिटामॉल मिळाली, ‘व्हायरल सगळीकडे चालू आहे’. पहिले इंजेक्शन मिळाले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यानंतर नऊ दिवस मी स्टुलावर झोपले. पुढे ऑपरेशन झाले, मग पायात रक्ताची गाठ झाली. आता रोज तिच्या पोटात इंजेक्शन मीच देते. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला तेव्हा आई म्हणाली, ‘आधी टोच, मागीर रड.’ अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करणारी बाई ती. आता केमोने बोटे बधिर झालीत, दोरा कुठे आहे हे तिला बघून कळते.

बीआरसीए ही कॅन्सरचा आनुवंशिक दोष शोधणारी जनुकांची तपासणी करून घ्या, असेही सांगितले. आईत दोष निघाला तर माझ्यात असण्याची शक्यता निम्मी. ती तपासणी कुठे होते हे विचारत मी तीन खिडक्या फिरले. माझ्या पोटात काय वाढतेय ते मी कोणत्या खिडकीवर विचारू?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा इस्पितळांत डे-केअर कॅन्सर केंद्रे (उपचार घेऊन त्याच दिवशी घरी), त्यातली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा झाली. आमच्या वाट्याचे काय, असे विचारले तर उत्तर आले, ‘फाइल वर आहे.’ वर म्हणजे कुठे? मोपाचे विमानतळ आमच्याच तालुक्यात, तेही वरच उडवते. सहा केमो, प्रत्येकीला तीन फेऱ्या, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर धरले तर दीड हजाराच्या आसपास होतात (घाईतला हिशोब आहे, आपल्या खात्याचे आकडे असतील तर दुरुस्त करा). पहाटे पुलावरून जाताना मांडवीत कॅसिनोंचे दिवे लखलखत असतात. तिथे रात्रभर कोणीतरी जागे असते.

खाट हवी तर पहिला प्रश्न येतो, ‘आमदाराची चिठ्ठी आणली?’ आम्ही कर भरतो, मत देतो आणि आजारी पडल्यावर देवळात कौल लावल्यासारखे उभे राहतो. उजवा पडला तर खाट, डावा पडला तर उद्या या. ओळख असलेल्यांना नेहमी उजवाच पडतो, हे आम्हाला दिसत नाही असे समजू नका. मीसुद्धा एकदा चिठ्ठी आणली. लाज वाटली, पण आणली.

मागणे दोनच होते, पत्र लांबले. रक्त तालुक्यात तपासा आणि तो रिपोर्ट माना. दुसरे, कागदावरच्या नंबरावर रात्री माणूस बसवा. मंगळवारी साडेपाचला आम्ही पुन्हा निघतो, पर्वरीवरूनच जातो. नंबराचा कागद सोबत जोडला आहे. एकदा रात्री दीडला लावून पाहा.

आपली,
पेडण्यातली एक मुलगी