आयटीआयचा अर्ज भरण्याआधी

चि. लेकीस,

सोलापूरहून बाबांचे अनेक आशीर्वाद.

आयटीआयला जाऊन बांधकामाचे शिक्षण घ्यायचे आहे, असे तू मामांच्या फोनवरून सांगितलेस, तेव्हा मी गप्प राहिलो. तुला ती नाराजी वाटली असेल. पण ज्या कामाने माझी पाठ वाकवली त्याच कामाकडे आपली मुलगी निघाली आहे, हे ऐकून मला चटकन शब्द सुचले नाहीत, एवढेच.

मी बिगारी म्हणून पाट्या उचलत गवंडीकाम शिकलो. ओळंबा, गुण्या आणि थापी ही अवजारे हातात बसली, पण अमुक गोष्ट अशीच का करायची, हे मला कोणी सांगितले नाही. होटगी रस्त्याच्या बाजूला एका घराचा पाया ठेकेदाराने काळ्या मातीतच धरायला सांगितला आणि मी धरला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून खोदाई खाली घट्ट मुरमापर्यंत न्यावी लागते, हे मला तेव्हा एका अभियंत्याने समजावले. त्या घरच्या बाईंचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

स्लॅबचेही तसेच. सिमेंट वाळून कठीण होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होते. म्हणून पारा 40 अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात स्लॅबवर पाणी अडवायला आळी करून किमान 10 दिवस, आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर 14 दिवस पाणी राखणे योग्य. मी कितीतरी वर्षे ‘मारा पाणी’ एवढेच ऐकत आलो. तुला मात्र ही कारणे पहिल्या वर्षीच वर्गात कळतील, आणि मला सर्वांत मोठे समाधान त्याचे आहे.

प्लंबर आणि सुतारकामाचे अभ्यासक्रम 1 वर्षाचे आहेत, इलेक्ट्रिशियनचा 2 वर्षांचा. कुंभारीला रे नगरात 30,000 घरांच्या वसाहतीचा प्रकल्प आहे. तेवढ्या घरांतले नळ आणि तारा पुढेही कोणाला तरी दुरुस्त कराव्याच लागतील, म्हणून यांपैकी कोणतेही काम मी कमी लेखत नाही. तरीही माझे मत विचारशील, तर 2 वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा अभ्यासक्रम निवड. नकाशा वाचता न आल्यामुळे मी आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शिवाय दहावीनंतर हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, किंवा अ‍ॅप्रेंटिस म्हणून विद्यावेतनावर काम शिकता येते. मात्र नकाशा काढणाऱ्यानेही वर्षभर थापी धरलेली असावी, असे मला वाटते. सुट्टीत माझ्याबरोबर कामावर येत जा.

रविवारी येताना गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आण, म्हणजे ऑनलाइन अर्ज बसून भरू. जुळे सोलापुरात माझ्या कामावर पायाची खोदाई चालू आहे आणि कालच खाली मुरूम लागला. तो बुजण्याआधी तुला दाखवायचा आहे.

तुझे बाबा