काळी माती परत वावरात नेऊ: खरडलेल्या ३८ एकरांसाठी गावाचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला आणि संभाजीनगरला गेलेली आमची लेकरं, सासरी गेलेल्या माहेरवाशिणी, सोयरेधायरे आणि मराठवाड्याची काळजी असणारे सगळे, तुम्हा सर्वांना ग्रामपंचायत आणि गावाच्या पाणी समितीचा नमस्कार.

गेल्या वर्षी घट बसले त्या सकाळी ओढ्याकडच्या बायका घटासाठी माती आणायला आपापल्या वावरात गेल्या. परडीत घालायला ओंजळभर काळी माती लागते आणि ती आपल्याच रानातली घ्यायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्या दिवशी त्या रिकाम्या परड्या घेऊन परत आल्या. वावरात माती उरली नव्हती. पिवळा मुरूम उघडा पडला होता, त्यावर मोठाले गोटे येऊन बसले होते, आणि बांध कुठे होता हे फक्त एका बोरीच्या बुडख्यावरून कळत होतं. शेवटी देवळामागच्या घरांतून माती मागून घट बसवले.

आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर आहे. २१ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जो पाऊस कोसळला, त्यात गावावरचा पाझर तलाव फुटला. हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. आमच्या आजी-आजोबांनी दुष्काळी कामावर सुकडी खाऊन, टोपल्या डोक्यावर वाहून तो बांधला. त्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, त्या काळच्या पावसाच्या मापाने काढलेला होता. त्या रात्री पाणी सांडव्यात मावेना, ते भरावावरून वाहू लागलं. मातीच्या भरावावरून एकदा पाणी वाहिलं की तो टिकत नाही. पहाटे तीनच्या सुमारास आवाज झाला आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांची रानं गेली. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या, ज्या राहिल्या त्यांतल्या शेंगांना आठ दिवसांत कोंब फुटले. आमच्याकडे घरोघरी म्हशी आणि खव्याच्या भट्ट्या. दावणीला बांधलेली कितीतरी जनावरं सोडायलाही वेळ मिळाला नाही. माणूस एकही गेला नाही, एवढं देवाने राखलं.

त्यानंतर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदत आली. तांदूळ, डाळ, ब्लँकेट, मुलांच्या वह्या. ज्यांनी ती पाठवली त्यांचे उपकार हे गाव विसरणार नाही. पण आज आम्ही किट मागत नाही आहोत. आम्हाला डिझेल पाहिजे. का ते सांगतो.

वाहून गेलेली माती एका हंगामात परत येत नाही. एक इंच सुपीक थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. गावातली २२ कुटुंबं अशी आहेत की ज्यांच्या ३८ एकरांत आता नांगर घातला तर फाळ मुरमाला लागतो. यातले बहुतेक दोन एकराच्या आतले शेतकरी. येत्या मृगात त्यांना पेरता आलं नाही, तर दिवाळीनंतर ही घरं उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातील आणि त्यांची पोरं शाळेतून उठतील. हे आम्ही २०१२ ला पाहिलं, २०१५ ला पाहिलं. पुन्हा पाहायचं नाही.

आणि माती इथेच आहे. तलाव फुटल्याने त्याच्या पोटात पन्नास वर्षं साचलेला गाळ उघडा पडला आहे. याच डोंगरावरून, वरच्या वावरांतून वाहत आलेली ती माती. गाळाचे नमुने आम्ही तपासून घेतले, शेतात टाकायला तो चांगला आहे.

आता हिशोब. एका एकरावर चार इंचांचा थर द्यायचा तर साधारण १४५ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गाळ लागतो, म्हणजे १४५ ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी भाडं आणि ड्रायव्हरची मजुरी सोडली आहे. तरी डिझेल आणि पोकलेन धरून एका खेपेला ४०० रुपये पडतात, एकराला ५८ हजार, आणि ३८ एकरांना २२ लाख ४ हजार. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून अल्पभूधारकाला एकरी १५ हजारांच्या मर्यादेत अनुदान मिळतं. तेवढं वजा जाता १६ लाख ३४ हजार उरतात. त्यातले सव्वादोन लाख गावाने उभे केले आहेत. यात ज्यांचं स्वतःचं रान गेलं त्यांनीही पैसे दिलेत, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

सरकार काही देत नाही का, असं कुणी विचारेल. देतं. ऑक्टोबरात जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं, अशी तरतूद आहे. रोख रकमेतून लोकांनी आधी देणी भागवली, त्यात त्यांची चूक नाही. रोजगार हमीच्या कामांचा प्रस्ताव आम्ही दिला आहे आणि तो हक्क सोडणार नाही. पण ती कामं हातांनी करायची, आणि मंजुरी, मोजमाप, हजेरीपट यांतून ती उभी राहीपर्यंत मृग थांबणार नाही. ती मंजूर झाली तर फुटलेले बांध आणि ओढ्याचा काठ त्यातून बांधू.

गाळ टाकून भागणार नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. पुन्हा तसा पाऊस झाला तर टाकलेली मातीही जाईल. आणि तसा पाऊस होणार आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. आम्हाला ते वेगळ्या रीतीने दिसतं. पाऊस पूर्वी नक्षत्रांना धरून पडायचा. आता मृगात पेरणी, मग वीस-बावीस दिवस कोरडे, दुबार पेरणी, आणि पीक काढणीला आलं की उत्तरा नक्षत्रात महिन्याचं पाणी एका रात्रीत. म्हातारी माणसं सांगतात, बहात्तरला धान्य नव्हतं, पण आडाला पाणी होतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा बाजारात धान्य होतं आणि बोअर कोरडे होते. आणि आता हे. जिथे टँकर यायचा त्याच चौकात सप्टेंबरात बोट आली.

म्हणून जुन्या पावसाच्या मापाने बसलेलं गाव आता नव्या पावसाच्या मापाने बांधायला घ्यायचं, असं ग्रामसभेत ठरलं. जालन्याजवळच्या कडवंचीचं उदाहरण आमच्यासमोर आहे. तिथे १९९६ ते २००२ या काळात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं, मग शेततळी झाली, आणि २०१२ च्या दुष्काळातही द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आमच्याकडे बागा नकोत, निदान ज्वारी-तूर तरी हमखास निघावी. डोंगरावर सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले), त्याखाली बांध आणि घायपात, मग ओढ्यातले नालाबांध, या क्रमाने काम होईल. गाळ टाकलेल्या रानात सोयाबीन सपाट पेरायचं नाही, रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरायचं. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. त्यासाठीचं पेरणी यंत्र गावात एकही नाही. तुरीला बीडीएन ७११ घेणार. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा हा वाण लवकर निघतो, त्यामुळे शेवटच्या पाण्यावाचून अडत नाही. आणि नुसतं सोयाबीन एके सोयाबीन करायचं नाही, यावर बराच वाद होऊन शेवटी एकमत झालं.

काही गोष्टी मात्र गावाच्या हातात नाहीत. त्यासाठी तुम्ही पैसे देऊ नका, आवाज द्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, पण तो मोजतात महसूल मंडळाच्या ठिकाणी. डोंगराच्या एका अंगाला ढग फुटावा आणि दुसऱ्या अंगाच्या मापकात पाणी कमी भरावं, असं होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक हवा आणि त्याची नोंद नुकसानभरपाईला ग्राह्य धरली पाहिजे. २०२५ च्या खरिपापासून पीकविम्यातून स्थानिक आपत्तीची भरपाई काढली गेली, ती परत आणली पाहिजे, कारण आता आपत्ती येते ती स्थानिकच येते. आणि आमच्या तलावासारखे बहात्तरचे तलाव मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांचे सांडवे आजच्या पावसाच्या हिशोबाने पुन्हा मोजून रुंद करणं हे सगळ्यात आधीचं काम आहे. आमच्या भरावाच्या दुरुस्तीसोबत सांडवा रुंद करण्याचा ठरावही पाठवला आहे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत हे ठराव मांडा. एका गावाच्या कागदाला वजन येत नाही.

मदत कशी करता येईल: ४०० रुपयांत एक ट्रॉली. कुणाला जमलं तर एक एकर. वस्तूरूपाने द्यायचं तर रुंद वरंबा सरीचं यंत्र, वापरलेलं पण चालू स्थितीतलं असलं तरी चालेल. ज्यांच्याकडे पोकलेन आहे त्यांनी आठ-दहा दिवस दिले तर आमचा मोठा खर्च वाचेल. रक्कम फक्त धनादेशाने किंवा खात्यावर स्वीकारू, रोख घेणार नाही. खात्याचा तपशील ग्रामपंचायत कार्यालयात मिळेल, पावती त्याच दिवशी. कुणाच्या वावरात किती खेपा पडल्या याची वही चावडीवर उघडी राहील, कुणीही येऊन पाहावी. आधी विधवा भगिनींची आणि एक एकराच्या आतली रानं, मग बाकीची, हा क्रम चिठ्ठी टाकून नाही, ग्रामसभेत ठरला आहे. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला तर तलावाच्या पोटात वाहनं उतरणार नाहीत, म्हणून जे द्यायचं ते मार्चअखेर पोचलं तर उपयोगी पडेल.

काम सोमवारी, १६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फुटलेल्या भरावाजवळ सुरू होईल. पहिल्या ट्रॉल्या बोरीच्या बुडख्याच्या वावरात जातील. बाहेरगावच्या मंडळींसाठी २२ तारखेचा रविवार ठेवला आहे. त्या दिवशी गोटे वेचायचे आहेत, ते काम मशीनने होत नाही. येताना टोपी आणि जमलं तर टोपलं आणा. पिठलं-भाकरी गावाकडून.

आपले,
सरपंच, सर्व सदस्य आणि पाणी समिती